देवरहाटीतलं खवले मांजर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको म्हणते. मी शाळामास्तर, बोलणं हाच धंदा, म्हणून ते हसण्यावारी नेत आलो.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका ओळखीच्यांकडे चहाला गेलो, तिथे एक पाहुणा बसलेला. जंगली औषधं गोळा करतो म्हणाला. झालं, मी लांज्याकडच्या आमच्या गावची देवरहाटी सुरू केली. देवाचं रान ते, कौल घेतल्याशिवाय तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. "म्हणून तर आमच्याकडे खवले मांजर टिकलंय," मी छाती फुगवून सांगितलं. "देवाच्या राखणीत आहे. त्याला कोण हात लावतोय?" टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून मी बिळाची वाटसुद्धा काढून दाखवली. देवाची भीती आम्हाला होती, त्या पाहुण्याला कुठून असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिन्याभरात बीळ खणलेलं सापडलं. खवले रेल्वे स्टेशनवर एका पिशवीत पकडले गेले. पिशवीवाला तोंड उघडेना. वनखात्याचे साहेब गावात आले. म्हणाले, "हे परदेशात जातं, औषधाच्या नावाखाली. जगातल्या देशांनी मिळून या व्यापारावर बंदी घातलीय, बंदरावर तपासणी असते. पण माल तिथे पोचतो तेव्हा जनावर मेलेलंच असतं. बीळ गावातल्याच कुणीतरी दाखवलंय."

सगळ्यांच्या नजरा माझ्या शेजाऱ्याकडे वळल्या. मध काढायला रोज रानात जाणारा तोच. त्याला दोनदा चौकशीला नेलं. त्याच्या लेकीचं जुळत आलेलं लग्न अडलं. आणि मी, गावभर बडबडणारा, गप्प बसलो. लाज वाटत होती, नोकरीची भीतीही होती.

शेवटी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव हात जोडून म्हणाला, "ज्या कुनी ही जागा दाकवलान, त्याचा न्याय तूच कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे गावकरी म्हणाले. मीही म्हणालो. कुणाला शंका नको म्हणून जरा मोठ्यानेच.

शेजारी माझ्या बाजूलाच उभा होता. त्याने प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. "गुरुजी, तुमी माज्या बाजूला उभे ऱ्हायलाव, बरा वाटला."

मी ते खोबरं खाल्लं आणि घरी आलो. त्याला अजून सांगितलेलं नाही.