मांडीवर पडणारी पिंक

नाशिकला आलो तेव्हा माझी शाळा नववीतच सुटलेली होती आणि गाव राहिलं होतं गडचिरोलीकडं. द्वारका चौकाजवळ दुकानांच्या वरच्या मजल्यावर साध्या चित्रीकरणाचं थ्रीडी करून देणारा एक स्टुडिओ होता. तिथल्या एका ताईंनी शाळेचं काही न विचारता मला सॉफ्टवेअर शिकवलं. हे उपकार मी विसरणार नाही. पण उमेदवारी संपल्यावर मला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे मालक ठरवणार होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माझी परीक्षा घ्यायला त्यांनी शॉट दिला तो थुंकीचा.

थिएटरात सिनेमाआधी दाखवायची जाहिरात होती, रस्त्यात थुंकू नका सांगणारी. त्यात एक माणूस गुटखा चघळून थेट कॅमेऱ्याकडं पिंक टाकतो.

"बघणाऱ्याच्या मांडीवर पडली पाहिजे," सर म्हणाले. "लोकांनी पाय वर घेतले पाहिजेत."

"सर, हे तोंड कोणाचंय?"

ताई मान खाली घालून हसल्या. शूटिंगला नटाला जमेना, म्हणून सरांनी स्वतःच टाकली होती.

थ्रीडी करायचं तर चित्रातली प्रत्येक वस्तू कापून वेगळी करावी लागते. मग ती डाव्या डोळ्याला जरा इकडं दाखवायची, उजव्याला जरा तिकडं. झाड किंवा गाडी कापताना काही वाटत नाही. मी लाळेची तार कापत होतो. ओठाला चिकटलेली, ताणत जाणारी, मध्येच तुटून हनुवटीवर परतणारी. सुपारीचा एकेक तुकडा वेगळा. चित्र मोठं केलं की सरांच्या दातांवरचा काळा थर अख्खा पडदा भरून टाकी, आणि तेवढ्यात गुटख्याचा वास सोडत सर पाठीमागून जात.

सगळं झाल्यावर लाल-निळ्या काचांचा चष्मा लावून पाहिलं, तर पिंक बाहेर येईचना. ती सरांच्या घशात खोल चालली होती आणि मागची भिंत माझ्या नाकावर आली होती. मला उमासा आला. मोरीकडं पळालो.

परत आलो तर ताईंनी चष्मा लावून लगेच काढलेला. "डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला दिलंयस. पोटात ढवळणारच. रडू नको, होतं सगळ्यांचं."

"रडत नाहीये, ताई. उद्या सर बघणारेत."

"मग तोंड धू आणि बस."

त्या घरी न जाता शेजारी बसल्या. आम्ही दोन्ही डोळ्यांच्या चित्रांची अदलाबदल केली, तार अजून पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी पिंक आली तसे सर खुर्चीसकट मागं सरकले आणि शर्टाचा खिसा पुसायला लागले. "शी," म्हणाले. परत लावायला सांगितलं, परत खिसा पुसला.

"लय भारी. काय घाण केलीय या पोरानं."

म्हणजे घाण माझी झाली.

"राहा तू," ते पुढं म्हणाले. "आता तोंडाच्या आजाराची जाहिरात येतेय. फोड, पू, सगळं. ते तुझ्याकडंच. तुझा हात बसलाय त्यात."

मी "हो, सर" म्हणालो आणि आभार मानले. मनापासून मानले. किळस तेवढ्यानं गेली नाही.

दुपारी डबा उघडला तर टोमॅटोचा लालभडक रस्सा. ताईंनी आपली कोरडी मेथी माझ्याकडं सरकवली आणि माझा रस्सा घेऊन दुसऱ्या टेबलावर जेवायला गेल्या.