आमच्या वॉचमनचं नाव

मंडळी, आज सकाळी लंडनमध्ये बसस्टॉपवर उभी होते. एक माणूस अंगावर ओरडला, "ए करी, तुझ्या देशात परत जा!" 'करी' म्हणून इथे आपल्या लोकांना हिणवतात. बाकीच्यांनी मोबाईलमध्ये डोकी घातली.

रडकुंडीला येऊन खोपोलीला आईला फोन लावला. ती भडकलीच. "आमटी म्हनतो? अरं मेल्या, माझ्या पोरीला नाव नाय का?"

तेव्हा एकदम आमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन आठवला. बारा वर्षं गेटवर आहे. आम्ही त्याला बहादूर म्हणतो. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणायचो.

"आई, त्याचं खरं नाव काय गं?"

तिलाही माहीत नव्हतं. मग म्हणाली, "थांब, खाली जाऊन विचारून येते."

सकाळी राग आला होता. आता लाज वाटतेय.

तुमच्या गेटवरच्या माणसाचं नाव काय?