पाच किलोमीटरांतला अमेरिकन

२०२०च्या हिवाळ्यात, मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये, माझा वसईचा हाउसमेट अमेरिकन झाला. अमेरिका त्याने पाहिलेली नव्हती. तो एका बऱ्यापैकी नावाजलेल्या इंडी बँडचा गिटारिस्ट. बँडचा ड्रमर आमच्याच घरात राहायचा, गायक मात्र घरापासून पाच किलोमीटरच्या सरकारी मर्यादेपलीकडे. तेव्हा घरातल्या दोघांनीच अमेरिकाना नावाचं अमेरिकेतलं गावरान संगीत वाजवायचं ठरवलं. अमेरिकाना म्हणजे बँजो, न संपणारे रस्ते आणि सोडून गेलेली बायको. माझा मित्र अविवाहित होता आणि सुपरमार्केटच्या फार पुढे जायला त्याला बंदी होती. पण कलेला अनुभव लागतोच असं नाही. ऑनलाइन मागवलेली काउबॉय हॅट घालून तो ऑफिसच्या मीटिंगला बसायचा. घोड्यांवर त्याने बरीच गाणी लिहिली. शेजाऱ्यांचा पूडल कुत्रा सुटला की मात्र कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला मला पाठवायचा. त्याच्या व्हिस्कीच्या ग्लासात कोकम सरबत असे. "दारूने ॲसिडिटी होते रे," हेही तो टेक्ससच्या उच्चारात सांगे.

गायकाला हे सगळं या दोघांनी सोशल मीडियावर टाकलेल्या पोस्टरमुळे कळलं. हा गायक ठाण्याचा, युनिव्हर्सिटीपासूनचा माझ्या हाउसमेटचा सगळ्यांत जवळचा मित्र. बँड दोघांनी मिळून काढलेला. त्याचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

"मला निदान सांगायचंस तरी!"

"साइड प्रोजेक्ट आहे रे. टाइमपास."

"टाइमपासला पोस्टर लागतं? बँड मोडायचा असेल तर तोंडावर सांग ना."

फोन बंद झाला. पुढे काही महिने दोघे बोलले नाहीत. माझा मित्र रोज मेसेज टाइप करायचा, पुसायचा आणि मग बायको सोडून गेल्याचं गाणं अधिकच मनापासून म्हणायचा. ड्रमरच्या मते त्यामुळे गाणं सुधारलं. मला तसं काही आढळलं नाही.

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले आणि एका पबच्या अंगणात मित्राचा आणि ड्रमरचा पहिला कार्यक्रम झाला. मागच्या टेबलाशी मास्क लावून गायक बसला होता. दुसरं गाणं संपताच तो ओरडला, "चाल माझी आहे ही, चोरा!"

मित्राने हॅट काढली. "सगळ्याच तुझ्या आहेत. स्लो केल्यात फक्त. तू नव्हतास ना."

"पार वाट लावलीयस."

"मग ये वर. नीट म्हण."

गायक वर गेला. उरलेली गाणी तिघांनी म्हटली. मूळ बँडचा त्यानंतर एकही कार्यक्रम झालेला नाही; तिघांचे अमेरिकानाचे मात्र चालूच आहेत.