पूजा झालेला केक

मैत्रिणींनो, हात गळून गेलेत, तरी लिहिते. घरात कोणापाशी बोलायची सोय नाही.

आमच्या ओमला पाचव्या वाढदिवसाला ट्रॅक्टरचाच केक हवा होता. आमच्या सेलूत तसा कोण करून देणार? सकाळपासून कुकरमध्ये वाळू तापवून दोन केक भाजले, जोडले, क्रीमच्या बिस्किटांची चाकं लावली. उकाड्यानं लाल आयसिंग तीनदा घसरलं. तीनदा पुन्हा लावलं.

पाच वाजता पोरं जमली. सासूबाई ताट घेऊन आल्या. वाटलं, ओमला ओवाळतील. त्यांनी ट्रॅक्टरलाच कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, चाकापुढे लिंबू ठेवलं आणि हात जोडले.

मी सुरी घेतली, तर म्हणाल्या, "काऊन वं, पूजा केलेल्या गाडीले कोनी सुरी लावते काय?"

ओमनंही हात मागे घेतले. "मी नाई कापत."

पोरं चिवडा खाऊन गेली. मग माझा तोल सुटला. "अहो आई, केक आहे तो! दिवसभर खपले मी."

त्या सासऱ्यांकडे बघत हळूच म्हणाल्या, "मालूम आहे मले. पन यायले जल्मभर ट्रॅक्टर घ्याचा होता. आपल्या दारात आला तो हाच पयला."

सासरे टोपी सावरत केकजवळच उभे होते.

आता केक देव्हाऱ्यापुढे आहे. चाकांना मुंग्या लागल्यात आणि त्या हाकलत मीच बसले आहे. खरं सांगा, तुम्ही सुरी लावली असती?