मी कॅमेरा वळवला

पंचायतीच्या टेबलावर पोळ्याचे मातीचे बैल मांडले होते. हळदकुंकू वाहिलेले, पुढे पुरणपोळीचा नैवेद्य. म्हणून माझा लॅपटॉप टेबलावर नको.

"टेबलवर देव शेतस. तुनं डबडं खाले ठेव," नाना म्हणाला आणि त्याने दाराकडे बोट दाखवलं. तिथे सगळ्यांचे जोडे काढलेले होते. त्या जोड्यांच्या रांगेत मी मांडी घातली. मांडीवर लॅपटॉप. समोर रिकाम्या खुर्च्या.

नाना म्हणजे आमच्या गावचा मालकच म्हणा. कागदावर सरपंच त्याची सून. ती घरात पोळ्या लाटत होती, हा पंचायतीत खुर्चीवर. लहानपणापासून त्याला अहो-जाहो करत आले. इथे करणार नाही.

पारोळ्याकडून धुळ्याला जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. गावातले कॅमेरे मी बसवलेत. मी बौद्ध वस्तीतली. धुळ्यात एका दुकानात काम शिकले आणि मग स्वतःचं सुरू केलं. वेशीवरचा खांब असो की देवळाची भिंत, शिडी लावून मीच चढले, मीच वायर ओढली. तेव्हा माझी जात कुणाला आठवली नाही. वर चढलेली चालते. टेबलाशी बसलेली चालत नाही.

पंचायतीतल्या रेकॉर्डिंगच्या डब्याची डिस्क उन्हाळ्यातच जळाली होती. नवी आणा म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. पोळा आला तशी नानाला घाई झाली. त्याचा मानाचा बैल वेशीचं तोरण तोडणार, ते त्याला सुरतच्या नातेवाइकांना पाठवायचं होतं. तुझ्याच लॅपटॉपवर घे म्हणाला. मी कॅमेरे लॅपटॉपला जोडले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. नाना फेटा बांधून वेशीकडे गेला.

आमच्याकडे पोळ्याला आधी मानाचा बैल वेशीतून जातो. शिंगाने आंब्याच्या पानांचं तोरण तोडतो. त्याच्यामागे मोठी घरं, मग लहान घरं. सगळ्यांत शेवटी आमच्या वस्तीचे बैल. तोवर वेशीवर नुसता सुतळीचा तुकडा लोंबत असतो. आबा, माझे वडील, जन्मभर त्या सुतळीखालून गेले. लाल्या आणि भुऱ्या ही त्यांची जोडी. वर्षभर ह्याच जोडीने त्यांनी गावाची शेतं नांगरली. ज्यांची नांगरली तेच पुढे उभे.

स्क्रीनवर मला सगळं दिसत होतं. आबा रांगेच्या शेवटी. लाल्याच्या शिंगांना हिरवा रंग, पाठीवर मायने जुन्या लुगड्याची शिवलेली झूल. कासरा त्यांनी मनगटाला गुंडाळला होता. मानाचा बैल अजून वेशीपाशी आलाही नव्हता. नानाचा मुलगा फटाक्यांची माळ घेऊन मागे मागे आला. हसत होता. त्याने माळ लाल्याच्या पायाशी पेटवली. मस्करी.

लाल्या उधळला.

कासरा मनगटाला, म्हणून आबाही फरफटत गेले. रांग फाटली. बैल थेट वेशीतून आत घुसला. थांबला तेव्हा तोरण त्याच्या शिंगांत होतं.

आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नाही. आणि चित्र जरा उशिरा येतं. बाहेरचा आवाज खिडकीतून आधी ऐकू येतो, मग तेच स्क्रीनवर दिसतं. मला आबांची किंकाळी ऐकू आली. स्क्रीनवर आबा नुकते उठत होते, धोतर झटकत होते, हात जोडत होते. त्यांना अजून मार पडायचा होता आणि मला तो आधीच ऐकू आला होता. ह्याहून वाईट काही मला माहीत नाही.

मग काठ्या दिसल्या. पाठीवर, पोटऱ्यांवर. कुणी आसूड आणला. बैलालाही मारलं, त्याच्या नाकातून रक्त आलं. नानाच्या मुलाने आबांच्या मानेवर बूट ठेवला. केसांना धरून त्यांना ओढत लिंबाच्या झाडाकडे नेलं. ते स्क्रीनच्या बाहेर गेले. उरली रिकामी वेस आणि जमिनीवर पडलेली झूल.

मी उठले होते. एक पाय चपलेत. आवाज येतच होते.

वेशीवरचा कॅमेरा फिरणारा आहे. लॅपटॉपवरून फिरवता येतो. मला कळत होतं, मी धावले तर तिथे दोघं मार खाणार आणि उद्या सगळं गाव म्हणणार की बैलाने तुडवलं. मी खाली बसले. जोड्यांत. मी कॅमेरा वळवला.

लिंबाखाली आबा गुडघ्यांवर होते. नानाने पायातला जोडा काढला आणि तोंडावर मारला. परत मारला. मग ते तुटलेलं तोरण आणवलं आणि आबांच्या तोंडात कोंबलं. पानं ओठांतून बाहेर आली होती. तसंच त्यांना वेशीला नाक घासायला लावलं. डावा हात लुळा पडला होता, त्यामुळे ते एका हातावर रांगत होते. शंभर माणूस उभा होता. अर्ध्यांच्या शेतात आबांचा नांगर फिरलेला. एकही हलला नाही. माझे डोळे भरून येत होते आणि मी ते पुसत होते, कारण मला कॅमेरा नीट धरायचा होता.

मग नाना आणि त्याचा मुलगा पंचायतीकडे निघाले तेही स्क्रीनवर दिसलं. नाना दारात आला. थांबला. ज्या जोड्याने आबांना मारलं तो जोडा त्याने पायातून काढला आणि माझ्या गुडघ्याशेजारी ठेवला. आत देव होते ना.

"हाई बठ्ठं पुसी टाक," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. चहा ठेव म्हणावं तसं.

आजवर मी त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या घरात कुणीच म्हटलं नव्हतं.  पण जोड्याच्या टाचेला आंब्याचं पान चिकटलेलं होतं. ते मी बघितलं आणि माझी भीती गेली. राग आला. 

"नही पुसस," मी म्हणाले.

मुलाने वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. लॅपटॉप छातीशी धरून मी पालथी पडले. त्याने चार्जरची वायर ओढून घेतली आणि तिनेच पाठ फोडली. शिव्या मायवरून, जातीवरून. मी सोडत नाही म्हटल्यावर बोटांवर बूट आला. लॅपटॉप सुटला. त्याने तो उंबऱ्यावर आपटला, टाचेने स्क्रीन फोडली. काचा जोड्यांवर उडाल्या.

"खेळ खलास," तो म्हणाला. टीव्ही फुटला की पिक्चर संपला, इतकीच त्याची समज. फुटकं डबडं त्याने पायाने माझ्याकडे लोटलं. मी ते ओढणीत बांधलं आणि लिंबाकडे गेले.

आबांना ट्रॅक्टरवर घालून धुळ्याला नेलं. वाटेत त्यांनी हाताबद्दल काही विचारलं नाही. तोंडातून पानाचे तुकडे काढत एकच विचारलं. "तू देखं का?"

मी हो म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं.

मी ज्या दुकानात शिकले तिथे डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली. सगळं होतं. फटाक्यांच्या माळेपासून पंचायतीकडे निघालेल्या माणसांपर्यंत. पोलीस ठाण्यात आधी बैलाने तुडवलं असंच लिहायला घेतलं होतं. मी दुकानातून आणलेला लॅपटॉप उघडला. लिहिणाऱ्याचा पेन थांबला. अ‍ॅट्रॉसिटी लागली.

आता गावातून निरोप येतात. गावात राहायचंय ना, मिटवून टाका. वस्तीवर कुणाला कामाला बोलवत नाहीत. लाल्या घाव चिघळून गेला. आबांचा हात वाकडा जुळला. आबाही म्हणतात, मार दाखव, पण तोरणाचं तेवढं काप. पोरीने बघितलं ते पुरे, कोर्टाने बघू नये. मी नाही म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मला रोज त्याचं वाईट वाटतं आणि तरी माझं उत्तर तेच आहे.

तोरण आबांच्या तोंडात आहे, पण लाज त्यांची नाही. ज्या हाताने कोंबलं तो हात स्वच्छ दिसतो. चेहराही दिसतो. मी मुद्दाम जवळ घेतला होता.

तारीख लागली आहे. मी सगळं चालवणार, एकही क्षण न कापता. नाना समोर बसलेला असेल. आणि लॅपटॉप टेबलावर असेल.