उलटं घड्याळ

इंदापुरात एसटी स्टँडामागं संभाजी रेडिओ दुरुस्त करायचा. बायकोवर त्याचा जीव इतका, की शेजारचे मोहनराव न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून त्याची टवाळी करायला यायचे. नव्वद सालच्या सुमारास सारजाचं काळीज कमजोर झालं. बारामतीच्या डॉक्टरनं बजावलं, रात्रीची गोळी नवाला म्हणजे नवाला. सारजाची नजर अधू, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसेनात. आणि संभाजी लोकांचे टीव्ही दुरुस्त करत पार भिगवणपर्यंत हिंडायचा.

मग त्यानं भंगारातून एका जुन्या यंत्राच्या काचेच्या नळ्या आणल्या. प्रत्येक नळीच्या पोटात तारेचे शून्य ते नऊ आकडे एकामागं एक उभे. वीज लागली की त्यातला एकच निखाऱ्यासारखा पेटायचा. झटके खात, बोटं भाजत त्यानं चार नळ्यांचं घड्याळ केलं.

"संभाजीराव, लोक बायकोला पाटल्या करत्यात, तुमी नळ्या केल्या," मोहनराव म्हणाले.

"पाटल्या टाइम सांगत न्हाईत."

सारजाला आकडे लांबून दिसले. ती हरखली. संभाजी निर्धास्त झाला, आणि तिथंच फसला.

एकदा भिगवणहून यायला फार उशीर झाला. सारजा घड्याळापुढं बसलेली, ओठ निळे, गोळी मुठीत तशीच.

"घेतली न्हाईस?"

"नऊ वाजू तर द्या. मगाशी चार झालं, मग एक. उलटं चालतंय तुमचं घड्याळ. रोज तुमी आला की घेत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"एवढी बोटं भाजून केलंत. नावं कशी ठेवू?"

लासुर्ण्याच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली सारजा. तिला मराठी आकडे तेवढे ठाऊक. नळीतला इंग्रजी आठ तिला चार वाटायचा, नऊ तर हुबेहूब एक. आणि आकडे मराठी करायला काचेतली तार वाकवायची कशी?

दुसऱ्या दिवसापासून संभाजी दिवे लागायच्या आत घरी. एकेक आकडा पेटवून शिकवायचा. ती त्याला 'गुर्जी' म्हणायची. आठापर्यंत आली, नवाला मात्र हटकून 'एक' म्हणायची आणि हसायची. मुद्दाम म्हणायची, असं मोहनराव सांगतात. पण त्या रात्री काळजाला झालेली इजा भरून आली नाही. दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

घड्याळ अजून चालतं. मोहनराव रोज रात्री घरून भाकरी बांधून घेऊन जातात.

"नऊ वाजलं संभाजीराव, जेवा आता."

संभाजी त्या पेटल्या आकड्याकडं बघत राहतो. "एक वाजला," म्हणतो.

जन्मात कुणाला टोमणा मारायचं न सोडलेले मोहनराव फडकं सोडून भाकरी पुढं सरकवतात.