मथुराआत्याचं यंत्र

आमच्या घरात सगळेच तिला आत्या म्हणतात. खरं तर मथुरा ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वय सदुसष्ट, लांज्याच्या काजू कारखान्यात तिने तीस वर्षं काढली. पण वाडीत तिची ओळख त्यामुळे नाही. आमच्या वाडीला आवाज टेप करायला तिने शिकवलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तरी ती जे नुसत्या कानाने ओळखायची ते मला पुस्तकातून शिकावं लागलं.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. पायात चाळ बांधायचे, गोल करायचा, मध्ये शाहीर आणि मृदंग. आजोबा, म्हणजे आत्माराम, शाहीर. गाणी ते गावात बांधायचे आणि निम्मे नाचणारे मुंबईत नोकरीला. मग गाणं पत्राने जायचं. पत्रातून शब्द पोचत, चाल पोचत नसे. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत मुंबईची पोरं भलत्याच चालीवर बसवून आली. अंगणात पायात पाय अडकले. शेजारच्या वाडीने विचारलं, "एका मांडवात दोन लग्नं लावलाव काय?"

तेव्हा मुंबईच्या मंडळाने ठरवलं, टेपरेकॉर्डर घ्यायचा आणि चाल कॅसेटवर पाठवायची. यंत्र गावात राहणार आणि बारा महिने गावात राहणार बायका. म्हणून ते घ्यायचं आणि सांभाळायचं काम मथुराआत्याकडे आलं. मंडळाचे म्होरके आप्पा मात्र बजावून गेले, "औंदा पाय चुकले तर ही टेपची पेटी बाबल्याच्या ताब्यात."

बाबल्या आमचा मृदंगवाला. त्यालाच घेऊन आत्या एसटीने रत्नागिरीला गेली, मृदंगासकट. दुकानदाराने दोन स्पीकरांचा, लाल दिवे नाचणारा मोठा रेकॉर्डर पुढे केला. बाबल्याचे डोळे त्यावरच खिळले.

"हाच घे गो. दिवाळीवानी दिसतोय."

"बघायला नाय, ऐकायला आलोय. वाजव."

"हितं?"

"मग काय समुद्रावर?"

बाबल्याने भर दुकानात थाप मारली. आत्या गायली. रस्त्यावरची माणसं आत आली. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, यंत्र घ्यायला आलाय की नाचाची बारी लावायला?"

टेप उलटी फिरवून ऐकली. दर थापेनंतर आत्याचा आवाज बुडायचा आणि हळूहळू वर यायचा. त्या यंत्रात आवाज आपोआप कमीजास्त होण्याची सोय होती. मोठा ठोका आला की ते सगळंच खाली ओढायचं. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "ह्यानं माजा आवाज गिळलान. दुसरा दाखवा."

चौथा रेकॉर्डर एका स्पीकरचा, ठोकळ्यासारखा. पण त्याला आवाज किती भरायचा याचं वेगळं बटण होतं आणि थापेबरोबर हलणारा काटा. आत्याने बाबल्याला दाराशी बसवलं, आपण जवळ उभी राहिली, काटा लाल पट्टीत जाणार नाही इतकंच बटण फिरवलं. थापही आली, शब्दही आला. तिने तोच घेतला.

यंत्र आल्यावर वाडीतलं प्रत्येक माणूस आपला आवाज ऐकायला आलं. हौसाकाकी तर तीनदा. "मी अशी बोलतंय? खोटं सांगतंय तुजं यंत्र!" आठवडाभर हेच चाललं. मग एका सकाळी पडवीत आजोबांचं गाणं टेप झालं. पावसात वीज नव्हती, सेलवरच काम भागवलं. लगेच लावून ऐकलं. झकास.

गावी आलेले आप्पा त्याच संध्याकाळी मुंबईला निघणार होते. कॅसेट द्यायला आत्या लांज्याच्या स्टँडवर गेली. तिथे चहाच्या हॉटेलात टेप वाजत होता. तिच्या मनात आलं, मुंबईतलं यंत्र काय आपलं नसणार; परक्या यंत्रावर एकदा ऐकावं. हॉटेलवाल्याने कॅसेट लावली आणि सगळं हॉटेल हसलं. आजोबांचा आवाज बारा वर्षांच्या पोरासारखा आणि मृदंग उधळलेल्या बैलासारखा.

आठवडाभर वाडीने ऐकून ऐकून सेल संपवत आणले होते. टेप करताना यंत्र हळू फिरलं. त्याच सेलवर ऐकताना तेवढंच हळू फिरलं, म्हणून घरी कळलं नाही. विजेवरच्या यंत्राने ते धावतं केलं.

आप्पा घाईत होते. "चाल कळतेय ना? दे हिकडं."

"चाल कळतेय. पण ही पोरं ह्या बेगीनं नाचायला शिकली तर गणपतीत पुन्हा पाय अडकतील."

"मंडळाला मी काय सांगू? मथुरेनं रिकाम्या हातानं पाठवलान?"

"सांगा, चुकीची द्यायची नव्हती म्हणून दिली नाय."

आप्पा रागाने गाडीत चढले. आत्याने तिथेच नवे सेल घेतले. घरी आजोबा ऐकेनात.

"परत? मी काय पिठाची गिरण हाय, पट्टा लावलास की चालू?"

"दादा, तुजं गाणं मुंबईत पोराच्या आवाजात वाजलं तर चालंल?"

आजोबा उठले आणि नव्या सेलवर गाणं पुन्हा टेप झालं. दुसऱ्या दिवशी आत्याने कामावर खाडा केला, कॅसेट पुन्हा त्याच हॉटेलात लावली. या वेळी कुणी हसलं नाही. एकाने चहाच्या पेल्यावर ताल धरला. मग आत्याने ती आप्पांच्या नावाने मुंबईच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली.

गणपतीला मुंबईची अकरा माणसं आदल्या दिवशी पोचली. एकत्र तालमीला वेळच नव्हता. दुपारी अंगणात गोल झाला. अकरा तिकडचे, नऊ इकडचे. शेजारची वाडी हसायच्या तयारीने अंगणाच्या दगडी गडग्यावर बसली होती. आत्या पडवीच्या खांबाला धरून उभी.

बाबल्याने थाप दिली. आजोबांनी पहिली ओळ उचलली. अकरा आणि नऊ जणांनी ती एकाच चालीत झेलली आणि वीस पाय एकदम जमिनीवर आले. चाळांचा एकच आवाज झाला. पुढच्या फेरीलाही एकच. गडग्यावरचं कुणीतरी म्हणालं, "ह्ये कवा बसवलानी रे?"

नाच संपल्यावर आप्पा घाम पुसत पडवीत आले.

"मथुरे, पुढल्या साली दोन कॅसेटी पाठव. अर्धी पोरं आता कल्याणला राहायला गेली."

"पाठवीन. आणि आप्पा, पेटीचं काय ठरलं?"

"कसली पेटी?" आप्पा म्हणाले. "ती तुजीच हाय."